वखर, नांगर आणि वांग्याचा वाफा

1903 साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला. तो विकायला मात्र त्यांना दोन वर्षे झगडावे लागले. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि त्या शेतकऱ्यांना हसतो. पण जुन्या लाकडी नांगराचा फाळही लोखंडाचाच असे. लोखंड जमिनीला नवे नव्हते. नवे होते ते मातीचे उलटणे. लाकडी नांगर जमिनीत चीर पाडत जाई. हा नवा नांगर वरची माती खाली गाडत होता आणि खालची वर आणत होता. विषाची भीती खोटी ठरली, पण जमिनीत काहीतरी वेगळे घडणार अशी शंका घेणाऱ्यांना मी तरी अगदीच अडाणी म्हणणार नाही.

आज हे आठवण्याचे कारण देऊळघाट. बुलढाण्याजवळचे, घाटावरच्या वऱ्हाडातले हे गाव. वऱ्हाडच्या काळ्या रानात पूर्वी नांगर दरवर्षी चालत नसे. हरळी-कुंदा माजला की काही वर्षांतून एकदा तो बाहेर निघे. एरवी राज्य वखराचे. वखराची आडवी पास जमिनीखाली दोन-तीन इंचांवरून सरकते, तणाची मुळे कापते आणि माती जवळजवळ जागेवरच राहते. पीक वर आले की डवरा. एवढ्यावर भागत होते, कारण काळी जमीन आपली आपणच नांगरली जाते. उन्हाळ्यात ती भेगाळते, वरचा भुसभुशीत थर भेगांत पडतो, पावसात माती फुगते आणि खालची वर रेटली जाते.

लोखंडी नांगराने दख्खनमधली हरळीने गिळलेली कितीतरी रानं पुन्हा लागवडीला आणली, हे त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. गडबड झाली ती पुढे, ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर आल्यावर. कधीतरी करायची गोष्ट दरवर्षीची झाली आणि भाजीपाल्यात तर दर पिकाची.

बुलढाण्याचा बाजार हाताशी आणि विहिरीला पाणी असले, तर भाजीपाल्याचा मोह सुटत नाही. टोमॅटो निघाला की वांगी, वांगी निघाली की कोबी. दर वेळी जुनी झाडे मुळांसकट उपटून बांधावर फेकायची, रान रोटाव्हेटरने पिठासारखे करायचे आणि नवे वाफे पाडायचे. रोगट झाडे बाहेर टाकणे योग्यच आहे. पण निरोगी मुळेही त्यांच्याबरोबर जातात.

मातीतला सेंद्रिय पदार्थ म्हणजे कुजलेली मुळे, पालापाचोळा, शेणखत आणि मेलेले जीवजंतू. त्यातला बराचसा मातीच्या बारीक कणांच्या रव्यात दडून टिकतो. रोटाव्हेटर हे रवे फोडतो. आत हवा शिरते, जिवाणूंना आयते जेवण मिळते आणि शतकानुशतके साठलेला कर्ब वायू होऊन उडून जातो. आमच्याकडच्या चाळीस अंशांवरच्या उन्हाळ्यात तर फारच वेगाने. फसवणूक अशी की, या जेवणावळीत थोडे नत्रही मोकळे होते, म्हणून नांगरटीनंतरचे पहिले पीक हिरवेगार दिसते. शेतकरी म्हणतो, नांगरट मानवली. खरे तर ती मुदलातून काढलेली रक्कम असते.

1924 पासून इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली, तिच्यात पऱ्हाटीही कुजवली जाई. तो कपाशीचाच मुलूख होता. आपल्याकडे पऱ्हाटी आजही बहुतेक चुलीत किंवा धुऱ्यावर जळते. खत घालायचे नाही आणि मशागत मात्र दुप्पट करायची, हा दुहेरी तोटा आहे.

अलीकडे कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर नांगरणीविना शेतीचा प्रसार करत आले आहेत. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा तंत्र रुजवले. त्यात एकदा केलेले गादीवाफे मोडत नाहीत, भात कापल्यावर मुळे जमिनीतच ठेवतात आणि त्याच वाफ्यावर वाल किंवा भाजीपाला घेतात. दोन गोष्टी मात्र मोकळेपणाने सांगायला हव्यात. तणासाठी या तंत्रात तणनाशकाचा आधार घेतला जातो, तो सगळ्यांना पटत नाही. आणि नांगरट थांबवल्यावर कर्ब वाढतो तो मुख्यतः वरच्या काही इंचांत. खाली फारसा फरक दिसेलच असे नाही. गाजर-मुळ्याला तर भुसभुशीत रान लागणारच. वांगी, मिरची, टोमॅटो यांना मात्र वाफा तोच ठेवून, रोपापुरता खड्डा करूनही लावता येते.

पटत नसेल तर घरीच करून पाहा. बांधावरच्या गवताखालचे एक वाळलेले ढेकूळ आणि वाफ्यातले एक घ्या. पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या पेल्यांत अलगद सोडा. वाफ्यातले बहुधा मिनिटा-दोन मिनिटांत विरघळून पाणी गढूळ करील. बांधावरचे बराच वेळ तसेच बसून राहील.