घर बुक केलं, पण मिळालं का? मुंबईच्या घरांची सव्वाशे वर्षं

(या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलेली वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी जसंच्या तसं.)

आज सुरुवात माझ्या स्वतःच्या रडगाण्यापासून करते. मार्च 2022 मध्ये मी कल्याणच्या पुढे एक वन बीएचके बुक केला. ताबा डिसेंबर 2024 ला मिळणार होता. इमारत 18 मजल्यांची आहे, आणि अकराव्या स्लॅबनंतर काम थांबलंय. मी ऐरोलीला नोकरी करते, तिथेच भाड्याने राहते. म्हणजे एका घराचं भाडं आणि दुसऱ्या घराच्या कर्जाचं व्याज, दोन्ही माझ्याच पगारातून जातं. राहते मात्र एकाच घरात, आणि तेही माझं नाही.

आता माझ्यासमोर एक निर्णय आहे. कायदा म्हणतो, ताबा वेळेत दिला नाही तर पैसे व्याजासकट परत माग, नाहीतर थांब आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज घे. बाबा म्हणतात, ‘थांब.’ मैत्रिणी म्हणतात, ‘पैसे काढून घे, मूर्खपणा करू नकोस.’ मी मात्र दोन महिने इतिहास वाचत बसले. कोड लिहिताना आम्ही तेच करतो. एकच बग पुन्हा पुन्हा येत असेल तर तो पहिल्यांदा कधी आला, ते आधी शोधायचं.

पहिली नोंद: 1896

सप्टेंबर 1896. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. तेव्हा मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. काही महिन्यांतच जवळजवळ निम्मं शहर गावाकडे पळालं. सरकारचं लक्ष गेलं ते कोंदट, अंधाऱ्या चाळींकडे. 1898 मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. आज आपण हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी म्हणून मिरवतो, ती ही आखणी.

पण पाडलेल्या खोल्यांतल्या माणसांचं काय झालं? नव्या वसाहती मध्यमवर्गाच्या खिशाला परवडणाऱ्या होत्या, गोदीतल्या हमालाच्या नव्हे. तो गेला शेजारच्या चाळीत, जिथे आधीच सहाजण राहत होते तिथे सातवा म्हणून. योजना कागदावर उत्तम होती, मधल्या काळाचा भार मात्र सगळ्यात कमजोर माणसावर पडला. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

बांधली, पण राहायला कोणी येईना

पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई भयंकर होती. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, 1920 मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट सुरू झालं. आपल्या तोंडातलं ‘बीडीडी’ ते हेच. कामगारांसाठी 50 हजार खोल्या बांधायचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून 207 चाळी उभ्या राहिल्या, खोल्या सुमारे 16 हजार. एक खोली 160 चौरस फुटांची.

आणि गंमत बघा, टंचाईवर उपाय म्हणून बांधलेल्या या खोल्या कितीतरी वर्षं मोठ्या संख्येने रिकाम्या होत्या! युद्धानंतरची तेजी ओसरली होती. गिरणी कामगाराला मुख्य हवं होतं ते गिरणीजवळ घर, ओळखीच्या माणसांचा शेजार आणि झेपणारं भाडं. यातलं एकही गणित सरकारने नीट मांडलं नव्हतं. तेजीत आखायचं आणि मंदीत बांधायचं, हा बाजाराचा जुना रोग आहे.

याच खात्याची दुसरी योजना म्हणजे बॅकबेला समुद्र हटवून जमीन काढायची. खर्च फुगत गेला, काम रखडलं. खुर्शेद नरिमन यांनी हा कारभार चव्हाट्यावर आणला. पुढे त्याच बाजूच्या भरावावर जे ऑफिसांचं केंद्र झालं, त्याला नाव दिलं नरिमन पॉइंट. जमिनीच्या घोटाळ्याविरुद्ध लढलेल्या माणसाचं नाव देशातल्या सगळ्यात महागड्या जमिनींपैकी एकीला!

आजोबांची खोली

आता माझ्या घरात येते. माझे आजोबा लालबागला राहायचे, गिरणीत होते. पन्नासच्या दशकात त्यांनी चाळीत खोली घेतली, ती पागडीवर. आजीच्या पाटल्या मोडून पागडी भरली आणि पावती अर्थातच मिळाली नाही.

का नाही मिळाली? 1947 च्या भाडे कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. हेतू चांगला होता. युद्ध आणि फाळणीच्या काळात भाडेकरू रस्त्यावर येऊ नये, एवढाच. आत असलेल्याला संरक्षण मिळालंही. पण जो दाराबाहेर उभा होता त्याचं काय? भाडं वाढवता येत नाही, भाडेकरू काढता येत नाही, म्हटल्यावर मालक दार उघडण्याचीच किंमत मागू लागला. ती किंमत म्हणजे पागडी. कायद्याने ती बेकायदा होती, त्यामुळे सगळा व्यवहार रोखीत आणि विश्वासावर. शेवटी 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने तिला मान्यता दिली.

दुसरा परिणाम दिसायला जास्त वेळ लागला. महिन्याला दहा-बारा रुपये भाडं मिळणारा मालक जिना कशाला दुरुस्त करेल? इमारती खचायला लागल्या. 1969 मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमावं लागलं, भाडेकरूंकडून उपकर घ्यायचा आणि मंडळाने दुरुस्ती करायची. सुरुवातीला अशा उपकरप्राप्त इमारती 19 हजारांहून जास्त होत्या. पावसाळ्यात इमारत कोसळल्याची बातमी येते ना, तिची मुळं अनेकदा या गोठलेल्या भाड्यापर्यंत जातात.

आजोबांना आम्ही विचारायचो, ‘पावती नव्हती, भीती नाही वाटली?’ ते म्हणायचे, ‘भीती वाटून राहणार कुठे होतो?’

मालकी आली, पण जमीन कुणाची?

एक वेगळी वाटही होती, आणि ती मला सगळ्यात आवडली. 1915 मध्ये श्रीपाद सुबराव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, देशातल्या अगदी पहिल्या सहकारी गृहसंस्थांपैकी एक. जमीन इम्प्रूव्हमेंट ट्रस्टकडून भाडेपट्ट्याने घेतली. कल्पना साधी होती: मधला मालक नको, सभासदच मिळून घरमालक. धोकाही सगळ्यांचा, फायदाही सगळ्यांचा.

पन्नासच्या दशकात ‘ओनरशिप फ्लॅट’ नावाचा प्रकार रुजला, आणि सहकाराच्या जागी बिल्डर आला. त्याने आधी पैसे घ्यायचे, मग बांधायचं. तक्रारी इतक्या वाढल्या की 1960 मध्ये सरकारने समिती नेमली आणि 1963 मध्ये कायदा आला. त्यालाच आपण मोफा म्हणतो. किमतीच्या 20 टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याआधी लेखी, नोंदणीकृत करार हवा. आराखडा बदलायचा तर संमती हवी. संस्था स्थापन करून जमिनीसकट इमारत तिच्या नावे करून द्यायची, म्हणजेच अभिहस्तांतरण. हे सगळं 1963 मध्ये लिहिलेलं आहे! तरीही हजारो सोसायट्यांच्या नावे जमीन झालीच नाही. शेवटी 2008 मध्ये ‘मानीव अभिहस्तांतरण’ आणावं लागलं, म्हणजे बिल्डरने सही केली नाही तरी सरकारी अधिकारी ते करून देईल.

मग 1976 चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा. मुंबईत 500 चौरस मीटरवरची मोकळी जमीन सरकारजमा करून गरिबांसाठी घरं बांधायची होती. सूट मिळवायच्या वाटा कायद्यातच होत्या, कोर्टकज्जे वाढले आणि बरीचशी जमीन अडकून पडली. महाराष्ट्राने हा कायदा 2007 मध्ये रद्द केला. पुरवठा आवळला की किंमत चढते, त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

बाबांचं बुकिंग: 1995

1982 चा गिरणी संप झाला आणि आजोबा घरी बसले. बाबा एका छोट्या कंपनीत हिशेब लिहायला लागले. तोवर मध्यमवर्गाला गृहकर्ज नावाची गोष्ट माहीत झाली होती. एचडीएफसी 1977 मध्ये स्थापन झाली, आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या कर्जांपैकी एक होतं मालाडच्या घरासाठी 30 हजार रुपयांचं. आज तेवढ्यात मोबाईल येतो.

1991 नंतर पैसा मोकळा झाला, परदेशी कंपन्या ऑफिसं शोधू लागल्या. 1995 च्या सुमारास नरिमन पॉइंटची भाडी टोकियो-हाँगकाँगच्या बरोबरीने मोजली जात होती. सगळ्यांना वाटलं, आत्ता नाही घेतलं तर कधीच नाही. बाबांनीही त्याच वर्षी डोंबिवलीत फ्लॅट बुक केला. भाव ऐन शिखरावर, कर्ज 15 टक्क्यांच्या पुढे.

1996 पासून बाजार घसरायला लागला आणि बरीच वर्षं उठला नाही. बाबांच्या बिल्डरने नव्या बुकिंगच्या पैशावर जुनी इमारत चालवली होती. नवं बुकिंग आटलं आणि काम थांबलं. बाबांना घर मिळालं 2003 मध्ये. आठ वर्षं ते दर रविवारी डोंबिवलीला जाऊन नुसते खांब बघून यायचे. मी लहान होते, मला वाटायचं ही आमची सहल आहे. परत येताना ते वडापाव घेऊन द्यायचे.

म्हणून ते म्हणतात ‘थांब’. त्यांच्याबरोबरच्या काही जणांनी पैसे परत घेतले, व्याजाशिवाय, तेही तुकड्यातुकड्याने. त्यांना पुढे घर घेता आलं नाही.

माझं बुकिंग

आता रेराकडे येऊ. कायदा 2016 चा, महारेरा सुरू झालं 1 मे 2017 रोजी. करार नोंदवण्याआधी 10 टक्क्यांहून जास्त पैसे घ्यायचे नाहीत. विक्री कार्पेट एरियावर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्राहकांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात. म्हणजे बाबांच्या बिल्डरने जे केलं, नेमकं त्यावर हा पॅच आहे.

मग माझी इमारत का थांबली? कारण त्या खात्यात पैसे यायला आधी घरं विकली जावी लागतात. 2018 मध्ये आयएल अँड एफएस बुडाली आणि बिल्डरांना कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांचे हात आखडले. मग कोविड. सरकारने मुंबईत मुद्रांक शुल्क 5 वरून 2 टक्क्यांवर आणलं, व्याजदर खाली आले, आणि आम्ही सगळे पुन्हा धावलो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. हे आकडे कोरडे वाटतात म्हणून सांगते. 30 लाखांचं 20 वर्षांचं कर्ज 6.7 टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साधारण 22,700 रुपये. तेच 9.2 टक्क्यांनी 27,400. माझ्या प्रकल्पात कित्येकांनी बुकिंग रद्द केलं, आणि उरलेल्यांच्या पैशात इमारत अकराव्या मजल्यापर्यंतच पोचली.

कायद्यात व्याज आहे, स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर अधिक 2 टक्के. महारेरा आदेश देतं. बिल्डरने पैसे दिले नाहीत तर वसुलीचा वॉरंट निघतो आणि तो जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो. तिथे पुन्हा रांग. आजोबांकडे पावती नव्हती, बाबांकडे पावती होती, माझ्याकडे आदेश असेल. कागद दर पिढीला सुधारला. घर मिळेपर्यंतचा धोका मात्र रांगेत उभा असलेल्या माणसाकडेच राहिला. प्लेगपासून हाच बग चालत आलाय.

मग मी काय ठरवलं?

रेराच्या कलम 8 मध्ये एक गोष्ट आहे, जी मला आधी माहीत नव्हती. प्रकल्पाची नोंदणी संपली किंवा रद्द झाली, तर उरलेलं काम पुरं करण्याचा पहिला हक्क घर घेणाऱ्यांच्या संघटनेला मिळतो. वाचताना मला तालमकींची गावदेवी आठवली. शंभर वर्षं वळसा घेऊन आपण पुन्हा तिथेच आलोय: मिळून बांधायचं.

हे सोपं नाही. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 64 जण आहेत. त्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत, ज्यांची सगळी ग्रॅच्युइटी त्या अकरा स्लॅबमध्ये आहे. माझ्यासारखी पगारदार पोरगी पैसे काढून बाहेर पडू शकते, त्या पडू शकत नाहीत. आणि आमच्यातले वीसजण बाहेर पडले, तर उरलेल्यांची इमारत होणारच नाही.

मी थांबतेय. बाबांनी सांगितलं म्हणून नाही. ते एकटे थांबले होते, खांब बघत. आम्ही संघटना नोंदवतोय, तक्रार एकत्र करतोय, आणि पुढच्या रविवारी प्रकल्पाच्या खात्याचे कागद घेऊन बसणार आहोत. फसलो तर त्याचाही एक भाग करेन, लपवणार नाही.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘अगं, रविवारी मी पण येतो. हिशेब मला जमतो.’

तुम्ही घर शोधत असाल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा तिमाही अहवाल वाचा, किती घरं विकली गेलीत आणि किती काम झालंय ते ताडून बघा. आणि घर आधीच असेल, तर सोसायटीच्या सेक्रेटरींना एकच प्रश्न विचारा: जमीन आपल्या नावावर आहे का? उत्तर काय मिळालं, मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!