गोवर, लसीकरणानंतरचा : पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा

गोवर प्रतिबंधक लसीचा किमान एक डोस नावावर असलेल्या व्यक्तीला पुढे गोवराचा संसर्ग होणे. ‘नावावर असलेल्या’ हे शब्द इथे मुद्दाम वापरले आहेत. डोस कार्डावर लिहिला जाणे, तो दंडात टोचला जाणे आणि शरीराने तो स्वीकारणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणसारख्या सतत हलत्या लोकवस्तीच्या पट्ट्यात या तिन्हींमध्ये बरेच अंतर पडू शकते.

नवव्या महिन्यात दिलेला पहिला डोस सुमारे 85 टक्के बाळांमध्ये लागू पडतो. उरलेल्यांपैकी अनेकांच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे अजून शिल्लक असतात. लसीतला क्षीण केलेला जिवंत विषाणू वाढण्याआधीच ती त्याला निकामी करतात. याला प्राथमिक अपयश म्हणतात. बाराव्या महिन्यानंतर लस दिली तर यश वाढते, पण तोवर थांबण्याची चैन भारतासारख्या देशाला परवडत नाही, कारण वर्षाच्या आतल्या बाळाला झालेला गोवर सर्वांत जीवघेणा. म्हणून 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस असतो. पुष्कळ पालक त्याला ‘बूस्टर’ समजतात आणि राहिला तर चालतो असे मानतात. प्रत्यक्षात पहिल्या वेळी ज्यांना लस लागू पडली नाही त्यांना दिलेली ती दुसरी संधी आहे. दोन डोसांनंतर सुमारे 97 टक्के मुले सुरक्षित होतात. गोवराचा फैलाव रोखण्यासाठी समाजातील सुमारे 95 टक्के लोक प्रतिकारक्षम असावे लागतात. याचा अर्थ, वस्तीतल्या प्रत्येक बाळाला एकेक डोस मिळाला तरी साथ थांबत नाही.

दुय्यम अपयश, म्हणजे लस लागू पडूनही वर्षांनी प्रतिकारशक्ती ओसरणे, हे तुलनेने विरळ. विषाणू बदलला म्हणून लस निरुपयोगी झाली, ही शंका मात्र गोवराबाबत टिकत नाही. भारतात डी-4, डी-8 असे जनुकीय प्रकार आढळले आहेत, पण प्रतिपिंडांच्या दृष्टीने गोवराचा विषाणू एकच. 1954 साली अमेरिकेत एका शाळकरी मुलाच्या नमुन्यातून मिळालेल्या एडमन्स्टन वाणाचे वंशज आजही सर्व प्रकारांवर चालतात. पुण्याच्या हडपसरमधील सीरम इन्स्टिट्यूट त्यांपैकीच एडमन्स्टन-झाग्रेब वाण वापरते.

साथीत ‘इतके रुग्ण तर लस घेतलेले होते’ ही बातमी हमखास येते. आकडा खरा असतो, अर्थ चुकीचा लावला जातो. एका वस्तीत 1,000 मुले धरा. त्यांतल्या 900 जणांचे दोन्ही डोस झाले, 100 जणांना काहीच मिळाले नाही. विषाणू सगळ्यांपर्यंत पोहोचला तर लस न घेतलेली जवळपास सगळी 100 आणि लस घेतलेल्यांतली तीन टक्के, म्हणजे 27, अशी 127 मुले आजारी पडतील. रुग्णांत लस घेतलेल्यांचा वाटा एकवीस टक्के. आता लसीकरण 980 वर न्या. रुग्ण 49 वर येतील आणि त्यांत 29 लस घेतलेले असतील, म्हणजे सुमारे साठ टक्के. रुग्ण निम्म्याहून कमी झाले, पण लसीवरची टीका तिपटीने करता येईल असा आकडा तयार झाला. म्हणून रुग्णांत लसवंत किती, हे विचारून भागत नाही. लसवंतांमध्ये रुग्ण किती, हे विचारावे लागते.

ऑक्टोबर 2022पासून मुंबईच्या गोवंडी भागातून पसरलेल्या साथीने मालेगाव, भिवंडी गाठली आणि नोव्हेंबरअखेर पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीतील कुदळवाडीत रुग्ण आढळले. चिखलीलगतची ही वस्ती भंगाराची गोदामे, पत्र्याची शेड आणि त्यांतच राहणारी परप्रांतीय कुटुंबे यांची. 15 डिसेंबर 2022पासून राज्याने विशेष लसीकरणाची फेरी घेतली, दुसरी फेरी जानेवारी 2023मध्ये झाली. उद्रेकाच्या भागात 9 महिने ते 5 वर्षांच्या मुलांना जादा डोस देण्याचा आणि एकूण रुग्णांत नऊ महिन्यांखालच्या बाळांचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असेल तिथे सहाव्या महिन्यापासून ‘झिरो डोस’ देण्याचा सल्ला केंद्राने दिला होता. हा झिरो डोस नियमित वेळापत्रकात धरायचा नसतो. तो मोजला गेला तर कार्डावर दोन डोस दिसतात, नियमाने मात्र एकच झालेला असतो. असे मूल पुढे आजारी पडले की त्याची गणना ‘संपूर्ण लसीकृत’ म्हणून होण्याचा धोका राहतो.

कार्डाची गोष्ट या पट्ट्यात नेहमीची आहे. पहिला डोस गावी होतो, कार्ड तिथेच ट्रंकेत राहते, दुसऱ्या डोसाच्या वयात कुटुंब तळवड्यात नाहीतर मोशीत खोली घेऊन असते. आशाताईंनी विचारले की आई ‘सगळ्या सुया झाल्या’ म्हणते, आणि ती खोटे बोलत नसते. तिच्या हिशेबात झालेल्याच असतात. इथल्या बहुतेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. लसीकरणाचे सत्र दुसऱ्या वारी आले तर ठेक्यावर काम करणाऱ्या बाईचा खाडा होतो. फेब्रुवारी 2025मध्ये महापालिकेने कुदळवाडी परिसरातील बांधकामे मोठ्या प्रमाणावर पाडली. अशी वस्ती हलली की घरोघर फिरून केलेली बालकांची यादीही जुनी होते. पुन्हा, भोसरी महापालिकेत तर चाकण खेड तालुक्यात. एकाच कुटुंबाने खोली बदलली की त्याची आरोग्ययंत्रणाही बदलते.

लस टोचणाऱ्या हातांपर्यंत येईतो तिचे बिघडणे हा आणखी एक मार्ग. गोवर-रुबेला लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते आणि 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. द्रावक मिसळल्यावर ती चार तासांत वापरायची, उरलेली फेकायची. इतर काही लसींप्रमाणे उघडलेली कुपी पुढच्या सत्रासाठी ठेवता येत नाही. एका कुपीत अनेक डोस असतात. एका मुलासाठीही कुपी फोडावी असा नियम आहे. पण वाया जाण्याच्या भीतीने आईला ‘पुढच्या वेळी या’ म्हणण्याचा मोह होतो, आणि या पट्ट्यात पुढच्या वेळी ते कुटुंब तिथे असेलच असे नाही.

मोठ्या वयाच्या कामगारांचा विचार सहसा होत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात गोवर लस 1985पासून आली, दुसरा डोस 2010 नंतर. महाराष्ट्राची गोवर-रुबेला मोहीम 27 नोव्हेंबर 2018ला सुरू झाली, ती 15 वर्षांखालच्यांसाठी. त्यामुळे 2003पूर्वी इथे जन्मलेल्या पुष्कळांच्या वाट्याला एकच डोस आला. गंमत अशी, की लसीकरण कमी असलेल्या चौदा राज्यांत 2010 ते 2013 दरम्यान दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी खास मोहीम झाली. त्यांत बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड होते, महाराष्ट्र नव्हता. चाकणच्या खोलीत शेजारी झोपणाऱ्या दोघांपैकी बीडच्या मुलापेक्षा पाटण्याच्या मुलाला दुसऱ्या डोसाची संधी अधिक मिळाली असू शकते.

लस लागू पडून नंतर प्रतिकारशक्ती ओसरलेल्याला गोवर बहुधा सौम्य येतो : ताप कमी, पुरळ विरळ, गालाच्या आतले पांढरे ठिपके नसतात. त्यामुळे तो उष्णतेचे पुरळ किंवा औषधाची ॲलर्जी म्हणून निसटतो. रक्तातील आयजीएम तपासणी अशा रुग्णांत फसवी ठरू शकते. घशाच्या स्वॅबवरील आरटी-पीसीआर अधिक भरवशाची, आणि आयजीजी प्रतिपिंडांची पकड किती घट्ट आहे हे तपासले की प्राथमिक अपयश दुय्यमापासून वेगळे करता येते. मोहिमेच्या दिवसांत आणखी एक घोळ होतो. लस घेतल्यावर पाचव्या ते बाराव्या दिवसांत सुमारे पाच टक्के मुलांना लसीचेच पुरळ येते. ते साथीत मोजायचे नाही. जनुकीय प्रकार ए निघाला तर तो लसीतला विषाणू.

दोन डोस घेतलेल्या रुग्णाकडून संसर्ग पसरणे दुर्मीळ, पण अशक्य नाही. न्यूयॉर्कमध्ये 2011 साली दोन्ही डोसांची नोंद असलेल्या एका तरुणीपासून चौघांना गोवर झाला. साखळी तिथेच तुटली.

संपर्कात आलेल्या, डोस राहिलेल्या मुलाला 72 तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो. रुग्णाला पुरळ उठल्यापासून चार दिवस वेगळे ठेवतात, पण पुरळाआधीच्या चार दिवसांतही तो संसर्ग देत असतो. मुलाचा गोवर निश्चित झाला की जीवनसत्त्व अ लागोपाठ दोन दिवस देतात : सहा महिन्यांखाली 50,000, सहा ते अकरा महिन्यांना 1,00,000 आणि त्यापुढे 2,00,000 एकक. त्यासाठी लसीकरणाचे कार्ड पाहण्याची गरज नसते.