हिऱ्याची अंगठी : जाहिरातीने घडवलेली प्रथा

दक्षिण आफ्रिकेत १८६० च्या दशकाअखेरीपासून हिऱ्यांचे विपुल साठे सापडू लागल्यावर हे रत्न पूर्वीइतके दुर्मीळ राहिले नाही. म्हणून १८८८ मध्ये स्थापन झालेल्या डी बिअर्स कंपनीने पुरवठ्यावर नियंत्रण ठेवले आणि मागणी वाढवण्याचे काम १९३८ मध्ये अमेरिकेतील एन. डब्ल्यू. आयर या जाहिरातसंस्थेकडे सोपवले. मक्तेदारीविरोधी, म्हणजे बाजार एकाच व्यापाऱ्याच्या मुठीत जाऊ न देणाऱ्या कायद्यांमुळे कंपनीला तेथे थेट व्यवसाय करणे अवघड होते, त्यामुळे प्रचार झाला तो दुकानाचा नव्हे, तर वाङ्‌निश्चयाच्या अंगठीच्या कल्पनेचा. जाहिरातींत वापरलेल्या पिकासो व दाली या चित्रकारांच्या चित्रांनी हिऱ्याला अभिजनांच्या अभिरुचीचे वलय दिले आणि चित्रपटतारकांच्या अंगठ्यांच्या बातम्यांनी मध्यमवर्गीय तरुणांना त्या वर्गाच्या पंक्तीत बसण्याची आशा दाखवली. हिरा चिरंतन असल्याचे सांगणारे घोषवाक्य १९४७ मध्ये फ्रान्सिस गेरेटी या लेखिकेने लिहिले. पुढे १९८० च्या दशकात अंगठीवर दोन महिन्यांचा पगार खर्चावा, असे जाहिराती सुचवू लागल्या, तेव्हा पुरुषाचे प्रेम आणि त्याची मिळकत एकाच तराजूत तोलली गेली. या चित्रात पुरुष कमावता दाता आणि स्त्री केवळ स्वीकारणारी होती. २००३ मध्ये स्वतःच्या पैशाने घेतलेली अंगठी उजव्या हातात घालणाऱ्या स्वावलंबी स्त्रीला जाहिरातीत स्थान मिळाले, तरी तिची प्रतिष्ठा खरेदीशीच जोडलेली राहिली. ज्या प्रथेला आज अनेक जण सनातन मानतात, तिचे रूढ रूप विसाव्या शतकातील व्यापारी गरजेतून घडले आहे.