येणारे पाणी आणि जाणारे पाणी



आयुष्यभर कामगारांच्या सभांत बोललेला माणूस आज न्हाणीघरातल्या नळांवर बोलायला उभा आहे, याचे आपल्याला नवल वाटेल. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने आणि हातांनी काम करणाऱ्या माणसांनी केले. त्यातला एक धडा मी फार उशिरा, आणि तोही स्वतःच्या घरात शिकलो. तो सांगण्यापूर्वी थोडा इतिहास पाहू.

मुंबईत १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने आले. त्यापूर्वी हे शहर विहिरींवर आणि तळ्यांवर जगत होते. पुढे १८७९ साली तुळशीचे आणि १८९२ साली तानसाचे पाणी आले. काम मोठे होते, यात शंका नाही. पण वापरलेले पाणी जाणार कोठे, याचा विचार तितक्या निकडीने झाला नाही. इमारतींच्या मागे घरगल्ल्या असत. सांडपाणी तेथे उतरे, मैल्याच्या टोपल्या तेथेच भरत, आणि त्या उचलण्याचे काम जातीने ज्यांच्या माथी मारले होते त्यांनी ते करायचे. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात ‘हलालखोर कर’ नावाचा एक करच होता. हलालखोर म्हणजे मैला वाहणारा कामगार. जेथे गटार पोचले नव्हते तेथे गटाराचे काम माणूस करीत होता, हे त्या एका शब्दात नोंदलेले आहे.

१८९६ साली प्लेग आला, तेव्हा कोठे राज्यकर्त्यांना घरांची आठवण झाली. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि आजचा ना. म. जोशी मार्ग येथे बीडीडीच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सामायिक. पहाटे डबा घेऊन रांगेत उभे राहणे म्हणजे काय, हे अशा चाळींत वाढलेल्यांना सांगायला नको. म्हणूनच गिरणी कामगाराच्या घरात ‘घरातला संडास’ हे वैभव मानले गेले.

माझ्या आईची निम्मी हयात अशा रांगेत गेली. उपनगरात सोसायटीत घर झाले तेव्हा तिचे गुडघे गेले होते. कमोड दारापासून लांब पडतो, म्हणून मी तो आठ फूट अलीकडे आणायचे ठरवले. नळकाम करणारा पोरगा म्हणाला, “दादा, उतार बसत नाही.”

त्याचे म्हणणे साधे होते. येणारे पाणी गच्चीवरच्या टाकीच्या दाबाने येते. त्याचा नळ भिंतीतून वर न्या, वळवा, पाणी येईल. जाणाऱ्या पाण्याला दाब नसतो, त्याला फक्त उतार असतो. मैल्याच्या चार इंची नळाला साधारण चाळीस इंचांना एक इंच उतार लागतो. आठ फूट म्हणजे ९६ इंच, म्हणजे जवळजवळ अडीच इंच उतार. वर नळाची स्वतःची जाडी. तेवढी खोली आमच्या जमिनीत नव्हती. न्हाणीघर एक पायरी उंच करावे लागणार होते. आईला पायरी नको म्हणून मी म्हणालो, “बसव तसाच.” कामगाराचे ऐका असे मालकांना सांगण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याने आपल्या घरच्या कामगाराचे ऐकले नाही.

तीन महिन्यांत सपाट नळात मैला बसला. पाणी तुंबले आणि त्याने कच्चा सांधा शोधला. एके सकाळी खालच्या मजल्यावरची सूनबाई वर आली. म्हणाली, “काका, तुमचं पाणी आमच्या ओट्यावर पडतंय.” तिच्या स्वयंपाकघरात जाऊन मी ते छत पाहिले. माझ्या सोयीची किंमत खाली राहणारी माणसे देत होती. आणि तो नळ साफ करायलाही कोणाला तरी हात घालावा लागला.

त्याच पोराला पुन्हा बोलावले, आधी त्याची माफी मागितली. कमोड जुन्या भिंतीला, उभ्या नळाशेजारी परत गेला. सरकवले ते दार. आईसाठी भिंतीला धरायला दांडी बसवली. न्हाणी ट्रॅप नवा घातला. त्यात थोडे पाणी कायम उभे राहते आणि गटाराचा वास अडवते. सांध्यापाशी उघडता येणारे झाकण ठेवले. फरशी बसवण्यापूर्वी कोब्यावर चोवीस तास पाणी साठवून खालचे छत पाहिले. नव्या दिशेने वळवले ते फक्त येणाऱ्या पाण्याचे नळ.

डोक्यावरून मैला वाहून नेण्याच्या प्रथेवर १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायद्याने बंदी आली. तरीही गटारांत उतरून माणसे मरतात. म्हणून घर दुरुस्त करताना आधी जाणाऱ्या पाण्याचा रस्ता ठरवा, मग येणाऱ्याचा. शहराने हा क्रम उलटा धरला, त्याचे ओझे कोणी वाहिले ते आपण पाहिले. आणि कारागीर ‘उतार बसत नाही’ म्हणाला, तर त्याचे ऐका.