गवती पोपट

गवती पोपट हे ऑस्ट्रेलियातील लहान आकाराच्या आणि मुख्यतः जमिनीवर चरणाऱ्या पोपटांच्या एका गटाचे नाव आहे. या गटात निओफेमा वंशातील सहा आणि निओप्सेफोटस वंशातील एक अशा सात जाती मोडतात. या पक्ष्यांची लांबी १९ ते २४ सेंमी. व वजन सुमारे ३५ ते ६० ग्रॅम असते. गवत व लहान झुडपांच्या बिया हे त्यांचे प्रमुख खाद्य असून त्यावरूनच गटाला हे नाव मिळाले आहे. शांत स्वभाव, मंजुळ आवाज आणि आकर्षक रंग यांमुळे टर्क्वॉइज, लालछाती, एलिगंट व बर्क हे चार पोपट जगभर पक्षिगृहांत पाळले जातात. याच गटातील नारिंगीपोट्या पोपट मात्र अतिसंकटग्रस्त असून त्याचे अस्तित्व मोठ्या प्रमाणात बंदिस्त प्रजननावर अवलंबून आहे.

वर्गीकरण

निओफेमा हा वंश इटालियन पक्षिशास्त्रज्ञ तोम्मासो साल्वादोरी यांनी १८९१ मध्ये स्थापन केला. त्याचे दोन उपवंश मानले जातात. टर्क्वॉइज व लालछाती हे पोपट निओफेमा या उपवंशात येतात. त्यांचे नर व माद्या रंगावरून सहज ओळखता येतात. नीलपंखी, एलिगंट, खडक व नारिंगीपोट्या हे चार पोपट निओनॅनोडिस या उपवंशात येतात. त्यांच्यात नर-मादीतील फरक सौम्य असतो.

बर्क पोपटाचे वर्णन जॉन गूल्ड यांनी १८४१ मध्ये केले. न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर रिचर्ड बर्क यांच्यावरून त्यास नाव देण्यात आले. हा पक्षी दीर्घकाळ निओफेमा वंशातच गणला जात असे. तथापि त्याच्या पिसाऱ्यात हिरवा रंग जवळजवळ नसतो. तो तपकिरी, गुलाबी व निळ्या रंगांचा असतो. त्याच्या वर्तनातही फरक आहे. ग्रेगरी मॅथ्यूज यांनी १९१२ मध्ये सुचविलेल्या निओप्सेफोटस या स्वतंत्र वंशात आता त्याचा समावेश केला जातो.

पूर्वी गवती पोपटांना रोझेलांचे निकटचे आप्त समजत. जनुकीय अभ्यासांतून मात्र भू-पोपट व निशाचर पोपट यांचा पेझोपोरस हा वंश त्यांना अधिक जवळचा असल्याचे दिसून आले. बजरीगर हाही ऑस्ट्रेलियातील लहान, बिया खाणारा पोपट असला, तरी तो या गटात मोडत नाही.

जाती व त्यांची ओळख

* टर्क्वॉइज पोपट : नराचा चेहरा निळा व खांद्यावर तांबूस पट्टा असतो. मादीस हा पट्टा नसतो.
* लालछाती पोपट : नराची छाती लालभडक, तर मादीची हिरवी असते. हा शुष्क प्रदेशातील पक्षी आहे.
* एलिगंट पोपट : रंग सोनेरी झाक असलेला हिरवट. कपाळावरील निळी पट्टी डोळ्याच्या मागेपर्यंत जाते.
* नीलपंखी पोपट : पंखावर निळा रंग विस्तृत असतो. कपाळावरील पट्टी डोळ्याजवळच संपते.
* खडक पोपट : रंग मळकट हिरवा. दक्षिण व पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर आणि लगतच्या बेटांवर राहतो.
* नारिंगीपोट्या पोपट : रंग गडद हिरवा, कपाळावर निळी पट्टी व पोटावर नारिंगी ठिपका.
* बर्क पोपट : पाठ तपकिरी व पोट गुलाबी. नराच्या कपाळावर निळी पट्टी असते.

केवळ पोटाच्या रंगावरून जात ठरविणे धोक्याचे असते. नीलपंखी, एलिगंट व खडक पोपटांच्या पोटावरही कधी कधी नारिंगी छटा आढळते. त्यामुळे पंखावरील निळ्या रंगाचा विस्तार व कपाळावरील पट्टीची लांबी या खुणा अधिक विश्वसनीय ठरतात.

पक्षिगृहातील संगोपन

रचना : गवती पोपट वेगाने व सरळ रेषेत उडतात. म्हणून त्यांच्यासाठी उंच पिंजऱ्यापेक्षा लांब पक्षिगृह उपयुक्त असते. एका जोडीसाठी सुमारे ३ मीटर लांब, १ मीटर रुंद व २ मीटर उंच जागा सोयीची ठरते. मागील भाग छप्पर व भिंतींनी बंदिस्त ठेवतात, कारण थंडी, ओल व वाऱ्याचा झोत यांचा या पक्ष्यांना त्रास होतो. नुकतीच घरट्याबाहेर आलेली पिल्ले घाबरून जाळीवर आदळतात व त्यात दगावतात. त्यामुळे जाळीच्या टोकांना डहाळ्या बांधण्याची पद्धत आहे.

विणीच्या काळात एका पक्षिगृहात एकच जोडी ठेवतात. विशेषतः टर्क्वॉइज नर आपल्या वंशातील इतर नरांवर, प्रसंगी स्वतःच्या वाढलेल्या पिल्लांवरही हल्ला करतो. शेजारील पक्षिगृहात निकटची जाती असल्यास मध्ये दुहेरी जाळी लावली जाते. बर्क पोपट तुलनेने सौम्य असतो. तो पहाटे व संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात अधिक सक्रिय असल्याने त्या वेळी होणारी हालचाल आजाराचे लक्षण समजू नये.

आहार : कॅनरी सीड, राळ्यासारखी बारीक तृणधान्ये, थोडी करडई व सूर्यफूल यांचे मिश्रण दिले जाते. तेलबियांचे प्रमाण वाढल्यास पक्षी लठ्ठ होतात. त्याशिवाय गवताची ओली कणसे, मोड आलेल्या बिया, पालेभाज्या, समुद्रफेस व बारीक खडी आवश्यक असते.

प्रजनन : बहुतेक जाती झाडांच्या ढोलीत अंडी घालतात, खडक पोपट मात्र खडकांच्या कपारीत घरटे करतो. पक्षिगृहात पोकळ ओंडके किंवा लाकडी पेट्या टांगून तळाशी कुजक्या लाकडाचा भुसा पसरतात. मादी साधारणतः ४ ते ६ अंडी घालते व एकटीच सुमारे १८ ते २० दिवस उबवते. या काळात नर तिला भरवतो. पिल्ले सुमारे ४ ते ५ आठवड्यांनी घरटे सोडतात.

आरोग्य : जमिनीवर चरण्याच्या सवयीमुळे गोलकृमी व कॉक्सिडिया यांचा संसर्ग सहज होतो. कोरडी व स्वच्छ जमीन, उंचावर ठेवलेली खाद्यपात्रे आणि विष्ठेची नियमित तपासणी हे प्रतिबंधाचे मुख्य उपाय आहेत. चोच व पिसांचा विषाणुजन्य आजार संपूर्ण गटास घातक आहे.

रंगभेद व संकर

बंदिस्त प्रजननातून अनेक रंगभेद निर्माण झाले आहेत. बर्क पोपटाचा गुलाबी रंगभेद लिंगसंलग्न अप्रभावी जनुकामुळे येतो. गुलाबी नर व सामान्य मादी यांच्या जोडीत सर्व माद्या गुलाबी, तर सर्व नर सामान्य रंगाचे पण त्या जनुकाचे वाहक निपजतात.

एकाच वंशातील भिन्न जातींमध्ये संकर होऊ शकतो. टर्क्वॉइज व लालछाती यांचे संकर पक्षिगृहांत झाले आहेत. एलिगंट व नीलपंखी यांच्यातील साम्यामुळे चुकीच्या जोड्या लावल्या जाण्याचा धोका असतो. १९६० च्या सुमारास ऑस्ट्रेलियाने स्थानिक पक्ष्यांच्या व्यापारी निर्यातीवर बंदी घातली. परिणामी इतर देशांतील पक्षी प्रामुख्याने आधीच्या बंदिस्त वंशावळींतून आलेले आहेत आणि संकरामुळे गमावलेली शुद्ध वंशावळ रानातून पुन्हा आणता येत नाही. यासाठी पायात कडी घालून प्रत्येक जोडीची नोंद ठेवली जाते.

संवर्धन

नारिंगीपोट्या पोपट सध्या फक्त टास्मानियाच्या नैर्ऋत्येस मेलालूका परिसरात वीण करतो आणि बास सामुद्रधुनी ओलांडून व्हिक्टोरिया व दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या खाऱ्या दलदलींत हिवाळा घालवतो. त्याच्या बंदिस्त प्रजननाचा कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला. २०१६ मध्ये मेलालूका येथे केवळ १७ पक्षी परतले. बंदिस्त पक्षी रानात सोडणे, घरट्याच्या पेट्या बसविणे आणि पूरक खाद्य देणे या उपायांनंतर २०२१ मध्ये ही संख्या ७० झाली. मोजक्या पक्ष्यांपासून वाढलेल्या या समूहात जनुकीय विविधता कमी आहे. त्यामुळे जोड्या ठरविताना वंशावळीचा विचार अपरिहार्य ठरतो. हिवाळी गणनेत नीलपंखी पोपटाशी होणारी गल्लत टाळणेही तितकेच महत्त्वाचे असते.

नीलपंखी पोपटास ऑस्ट्रेलियाने २०२३ मध्ये असुरक्षित घोषित केले. टर्क्वॉइज पोपट विसाव्या शतकाच्या आरंभी जवळजवळ दिसेनासा झाला होता. पुढे त्याची संख्या पुन्हा वाढली.

कायदेशीर स्थिती

साइट्स करारात नारिंगीपोट्या पोपट पहिल्या परिशिष्टात, तर गटातील इतर जाती दुसऱ्या परिशिष्टात आहेत. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार साइट्स परिशिष्टांतील जिवंत विदेशी प्राणी बाळगणाऱ्यास त्यांची नोंदणी करावी लागते.