शीतलन पंखा, इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील

उपकरणात वाया जाणारी वीज उष्णता होते. ती उष्णता हवेच्या झोताने बाहेर काढणारा, चौकटीत बसवलेला लहान विद्युत पंखा म्हणजे शीतलन पंखा. संगणक, इन्व्हर्टर, वेल्डिंग यंत्र, ध्वनिवर्धक, सौर पंपाचा नियंत्रक, साखर कारखान्यातील ड्राइव्हचे पॅनेल अशा ठिकाणी, म्हणजे जेथे नुसत्या हीटसिंकने भागत नाही तेथे, तो लागतो.

परिभाषा : सातारा जिल्ह्यात या पंख्याच्या भागांना दोन शब्दसंच आहेत. वाईहून चालणाऱ्या मराठी विश्वकोशात मोटरला चलित्र, बेअरिंगला धारवा, रोटरला घूर्णक म्हणतात. विश्वकोशाचा परिभाषा संग्रह 1973 मध्ये, म्हणजे पहिल्या खंडाच्या तीन वर्षे आधी निघाला. कोरेगाव-रहिमतपूरकडे दुकानात मात्र मोटर, शाफ्ट, बुश, बेअरिंग, वायडिंग हेच शब्द चालतात. ते पंख्याबरोबर आलेले नाहीत. कोरेगाव तालुक्यातच सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांचा नांगर व तेल इंजिनांचा कारखाना होता, आणि इंजिन व पंपाच्या कामात हे शब्द कधीच रुळले होते. सुटा भाग याच शब्दांनी मागावा लागतो, म्हणून या नोंदीत तेच वापरले आहेत.

मापे : पंखा चौकटीच्या बाजूने ओळखतात : 40, 60, 80, 92, 120 मिमी. स्क्रूच्या दोन भोकांमधले अंतर अनुक्रमे 32, 50, 71.5, 82.5, 105 मिमी असते. चौकट मोडली असली तरी भोके मोजून माप कळते. जाडी वेगळी सांगावी लागते. 120 मिमीच्या पंख्यात 25 आणि 38 मिमी या दोन जाड्या नेहमीच्या.

मोटर : एकदिश प्रवाहावरच्या पंख्यात ब्रश नसतात. वायडिंग चौकटीला पक्के असते, आणि पात्यांच्या मधल्या टोपीत आतून बसवलेले चुंबकाचे कडे तिच्याभोवती फिरते. चुंबकाचा कोणता ध्रुव समोर आहे हे हॉल सेन्सर ओळखतो आणि त्यानुसार वायडिंगमधला प्रवाह बदलतो. 230 व्होल्टच्या साध्या पंख्यात हा सेन्सर आणि प्रवाह बदलणारा परिपथ नसतो.

तारा : तीन तारांच्या पंख्यात काळी ऋण, लाल धन आणि पिवळी वेगाची खूण देणारी, प्रत्येक फेऱ्याला दोन स्पंद. संगणकाच्या चार तारांच्या पंख्यात पिवळी धन होते, हिरवी वेग सांगते आणि निळीवरून 25 किलोहर्ट्‌झचा नियंत्रण-संकेत येतो. एकाच पिवळ्या रंगाचे हे दोन अर्थ ध्यानात न ठेवल्यास पंखा किंवा बोर्ड जळू शकतो. काही उत्पादक याहून वेगळे रंग वापरतात.

बेअरिंग : पंख्याचे आयुष्य इथेच ठरते. पाती क्वचित मोडतात, वायडिंगही सहसा शेवटी जळते. आधी जातो तो बुश. बुश म्हणजे सच्छिद्र काशाची नळी. तिच्या छिद्रांत तेल मुरवलेले असते आणि शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर फिरतो. उष्णतेने तेल उडते, उरलेले घट्ट होते, शाफ्ट डोलू लागतो. सकाळी सुरू करताना घरघर आणि तापल्यावर शांतता हे त्याचे पहिले लक्षण. बुशचा पंखा उभा, म्हणजे शाफ्ट आडवा राहील असा बसवावा. आडव्या पंख्यात बॉल बेअरिंग घ्यावे. दोन बेअरिंग आणि त्यांना ताण देणारी स्प्रिंग अशी त्याची रचना असते. ते थोडा जास्त आवाज करते, पण उष्णता अधिक सोसते. द्रवगतिक बेअरिंगमध्ये नळीला आतून बारीक खाचा असतात. त्या तेल शाफ्टभोवती धरून ठेवतात.

जुना बुश-पंखा पुष्कळदा वाचवता येतो. मागचे लेबल सोलावे, असल्यास रबरी बूच काढावे, कापलेले प्लास्टिकचे वॉशर सोडवून पाती बाहेर ओढावीत, जुना चिकट थर पुसून पातळ यंत्रतेलाचे एक-दोन थेंब द्यावेत. खोबरेल घालू नये. थंडीत ते गोठते. लेबल परत घट्ट चिकटवावे, नाहीतर तेल गळते. बुश झिजून शाफ्ट हलत असेल तर तेलाचा उपयोग नाही, पंखा बदलावा.

उत्पादक ‘एल-10’ आयुष्य देतात, म्हणजे दहा टक्के पंखे बंद पडेपर्यंतचे तास. कोणत्या तापमानाला, हे सोबत नसेल तर तो आकडा निरुपयोगी आहे.

हवा : प्रवाह घनफूट प्रतिमिनिटात, दाब पाण्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. वेग निम्मा केल्यास प्रवाह निम्मा, दाब चौथाई आणि लागणारी शक्ती आठवा भाग होते. 100 वॉट उष्णता हवा 10 अंशांनी तापवून बाहेर न्यायची असेल, तर समुद्रसपाटीला सुमारे 18 घनफूट प्रतिमिनिट हवा लागते. जाळी धुळीने किंवा चिपाडाच्या भुशाने बुजली की प्रवाह घटतो. पंख्याने हवा आत फुंकावी की बाहेर ओढावी, याबाबत एकमत नाही.

आवाज : मुख्यतः वेगावर अवलंबून.

उंची : जिल्ह्यातच महाबळेश्वरला, सुमारे 1,350 मीटरवर, हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास 12 टक्के विरळ असते. तितक्याच वेगाने फिरणारा पंखा घनफूट तितकेच हलवतो, पण उष्णता त्या प्रमाणात कमी नेतो. तेथे मोठ्या प्रवाहाचा पंखा निवडावा.