नांगरामागचा हिशेब

किर्लोस्करवाडीचा इतिहास सहसा लोखंडी नांगराचा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो तितकाच भांडवलाचाही आहे. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना हलवला; तीच पुढे किर्लोस्करवाडी झाली. जमीन आणि कर्ज औंधच्या राजांनी दिले. मग हे यश राजाश्रयाचेच, असा आक्षेप येतो. पण आश्रयाने कारखाना उभा राहतो, चालत नाही. लोखंडी फाळाने जमीन नासते असे मानणाऱ्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक करेपर्यंत मालात पैसा अडकून राहतो. तो ताण कारखान्यालाच सोसावा लागला. पुढे 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स मर्यादित कंपनी झाली आणि घरच्या धंद्याला भागधारकांपुढे हिशेब ठेवणे आले. नांगराने नाव दिले. टिकवले ते हिशेबाने.